माँत्रियाल कॅनेडियन्स

माँत्रियाल कॅनेडियन्स हा कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील माँत्रियाल शहराचा व्यावसायिक आइस हॉकी संघ आहे. ४ डिसेंबर १९०९ रोजी स्थापन झालेला हा संघ नॅशनल हॉकी लीग अर्थात एन.एच.एल. या संघटनेत खेळतो. ही संघटना १९१७ साली स्थापन झाली, म्हणजे संघ आपल्या संघटनेपेक्षा आठ वर्षांनी जुना आहे. आइस हॉकीतील सर्वोच्च मानला जाणारा स्टॅनली चषक या संघाने २४ वेळा जिंकला असून इतकी विजेतेपदे अन्य कोणत्याही संघाच्या नावावर नाहीत. संघाने शेवटचा चषक १९९३ साली जिंकला. त्यानंतर आजतागायत कॅनडातील कोणत्याही संघाला हा मान मिळालेला नाही.

तथापि या संघाचे महत्त्व केवळ चषकांच्या संख्येत नाही. इंग्रजी भाषकांचे वर्चस्व असलेल्या देशात फ्रेंच भाषक समाजाने आपला म्हणून मानलेला हा संघ होय. त्यामुळे त्याचा इतिहास वाचताना क्वेबेकचा सामाजिक व भाषिक इतिहासही वाचावा लागतो.

खेळाविषयी थोडेसे

भारतीय वाचकास परिचित असलेली हॉकी मैदानावर चेंडूने खेळली जाते. आइस हॉकी गोठवलेल्या बर्फाच्या पृष्ठभागावर, पायात धारदार पात्यांचे बूट घालून खेळतात. चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू बर्फावर असतात व त्यांतील एक गोलरक्षक असतो. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. खेळ इतका दमवणारा आहे की खेळाडूंच्या तुकड्या साधारण मिनिटाभराच्या आत आळीपाळीने बदलत राहतात. नियमभंग करणाऱ्या खेळाडूस काही मिनिटे बाहेर बसवतात व तेवढा वेळ त्याच्या संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. पुढे येणारे काही प्रसंग समजण्यासाठी हा शेवटचा नियम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नाव व बोधचिन्ह

एकोणिसाव्या शतकात 'कानादियाँ' हा शब्द फ्रेंच भाषक वसाहतकऱ्यांच्या वंशजांसाठीच रूढ होता. आज तो सर्व कॅनडावासीयांना लागू होत असला तरी संघाचे नाव त्या जुन्या अर्थाचे आहे. संघाच्या लाल पोशाखावर 'सी' या अक्षराच्या पोटात 'एच' हे अक्षर असलेले बोधचिन्ह असते. हा 'एच' हॉकीचा आहे. संघाचे अधिकृत फ्रेंच नाव 'क्लुब द ऑके कानादियाँ' असे आहे. परंतु हे अक्षर 'आबितां' म्हणजे क्वेबेकमधील जुने फ्रेंच शेतकरी या शब्दाचे आद्याक्षर आहे, असा समज विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पसरला. समज चुकीचा होता, पण त्यातून निघालेले 'हॅब्ज' हे लाडके नाव कायमचे चिकटले. लाल, निळा व पांढरा हे संघाचे रंग आहेत. संघाच्या सदऱ्याला क्वेबेकमध्ये 'पवित्र फ्लॅनेल' असे म्हटले जाते, यावरून चाहत्यांच्या भावनेची कल्पना यावी.

स्थापना

संघाची स्थापना करणारे जॉन अँब्रोझ ओब्रायन स्वतः फ्रेंच भाषक नव्हते. ऑन्टॅरिओ प्रांतातील रेनफ्रू येथील एका खाणमालक व रेल्वे कंत्राटदार घराण्यातील हे तरुण. आपल्या गावच्या संघाला तत्कालीन प्रमुख संघटनेत प्रवेश नाकारला गेल्यामुळे त्यांनी डिसेंबर १९०९ मध्ये इतरांच्या साथीने नॅशनल हॉकी असोसिएशन ही नवी संघटना उभी केली. माँत्रियालमध्ये इंग्रजी भाषकांचे संघ होतेच. त्यांच्याविरुद्ध फ्रेंच भाषकांचा संघ उतरवल्यास चुरस वाढेल आणि तिकिटे खपतील, हा त्यामागील सरळ हिशोब होता. संघ पुढे फ्रेंच भाषक मालकांकडे सोपवावा, असेही ठरले होते. ज्या संघाला पुढे एका समाजाच्या अस्मितेचे प्रतीक मानले गेले, त्याचा जन्म असा व्यापारी विचारातून झाला.

खेळाडू जमवण्याचे काम जाक लाव्हिओलेत याच्याकडे आले. ५ जानेवारी १९१० रोजी माँत्रियालच्या ज्युबिली रिंकवर संघ पहिला सामना खेळला व त्याने कोबाल्टच्या संघाचा जादा वेळेत ७–६ असा पराभव केला. संघाचा पहिला गोल न्यूसी लालोंद याने केला. आरंभ असा झोकात झाला तरी त्या हंगामात संघ तळाला राहिला. वर्षअखेरीस संघाची मालकी मल्लविद्येच्या सामन्यांचे आयोजक जॉर्ज केनेडी यांच्याकडे गेली.

त्याच सुमारास शिकुतिमी गावचा जॉर्ज वेझिना हा गोलरक्षक संघात आला. मितभाषी आणि कमालीचा शांत असल्यामुळे त्याला 'शिकुतिमीची काकडी' असे टोपणनाव पडले. १९१६ साली संघाने पोर्टलंडच्या संघाला पाच सामन्यांच्या मालिकेत ३–२ असे हरवून पहिला स्टॅनली चषक मिळवला. टोरँटोच्या संघाचे मालक एडी लिव्हिंग्स्टन यांच्याशी इतर मालकांचे पटेना. त्यांना संघटनेबाहेर काढता येईना, तेव्हा बाकीच्यांनी नोव्हेंबर १९१७ मध्ये माँत्रियालच्या विंडसर हॉटेलात नवी संघटना स्थापून त्यांना मागे सोडले. हीच आजची एन.एच.एल. होय.

आग, साथ आणि दोन मृत्यू

२ जानेवारी १९१८ रोजी वेस्टमाउंट येथील क्रीडागृह आगीत भस्मसात झाले. त्याचा सहनिवासी असलेला इंग्रजी भाषकांचा वाँडरर्स संघ या धक्क्याने बंद पडला. कॅनेडियन्स मात्र जुन्या ज्युबिली रिंकवर परतून खेळत राहिला.

पुढच्याच वर्षी त्याहून मोठे संकट आले. १९१९ च्या वसंतात अंतिम मालिकेसाठी संघ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल येथे गेला. त्या वेळी जगभर स्पॅनिश फ्लूची साथ चालू होती. पाच सामन्यांनंतर दोन्ही संघांचे दोन-दोन विजय व एक बरोबरी अशी स्थिती होती आणि निर्णायक सामना १ एप्रिल रोजी व्हायचा होता. त्या दिवशी कॅनेडियन्सचे अनेक खेळाडू तापाने फणफणले होते. केनेडी यांनी सामना सोडून चषक प्रतिस्पर्ध्यांना देण्याची तयारी दाखवली, परंतु आजारी संघाकडून असा चषक घेण्यास सिॲटलच्या व्यवस्थापकाने नकार दिला. मालिका अपूर्ण राहिली. ५ एप्रिल रोजी बचावपटू जो हॉल याचे सिॲटलमध्येच निधन झाले. केनेडी आजारातून उठले तरी त्यांची प्रकृती पूर्वपदावर आली नाही व १९२१ साली तेही वारले. त्यांच्या पश्चात संघ ११,००० डॉलरला विकला गेला. लिओ दांदुराँ, जोसेफ कातारिनिश व लुई लेतुर्नो हे तिघे नवे मालक झाले.

वेझिना १९१० पासून सलग पंधरा हंगाम एकही सामना न चुकवता खेळला. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात तो अंगात ताप असताना उतरला आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा बर्फावर येऊ शकला नाही. त्याला क्षयरोग झाल्याचे निष्पन्न झाले. २७ मार्च १९२६ रोजी तो मरण पावला. मालकांनी त्याच्या स्मरणार्थ दिलेला वेझिना करंडक आजही संघटनेतील सर्वोत्तम गोलरक्षकास दिला जातो.

हॉवी मोरेन्झ

दुसरा चषक १९२४ साली आला. त्या विजयानंतर मेजवानीला निघालेल्या मंडळींच्या मोटारीचे चाक पंक्चर झाले, ते बदलताना चषक रस्त्याच्या कडेला ठेवला गेला आणि तिथेच विसरला, पण परतून पाहिले तो जागच्या जागी होता, अशी कथा सांगितली जाते. त्याच हंगामात संघात आलेला हॉवी मोरेन्झ हा ऑन्टॅरिओचा इंग्रजी भाषक तरुण पुढे माँत्रियालच्या फ्रेंच भाषकांचाही दैवत बनला. बर्फावरील त्याचा वेग हा त्या काळी चमत्कार समजला जाई. संघटनेतील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा हार्ट करंडक त्याने तीन वेळा मिळवला व १९३० आणि १९३१ असे लागोपाठ दोन चषक संघाला मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता. १९२६ पासून संघ सेंट कॅथरीन रस्त्यावरील फोरम या क्रीडागृहात खेळू लागला. हे क्रीडागृह मुळात इंग्रजी भाषकांच्या मरून्स या संघासाठी बांधलेले होते. एकाच छताखाली दोन भाषांचे दोन संघ नांदत असल्याने त्यांच्या आपसातील सामन्यांना निराळाच ताण असे.

१९३४ साली मोरेन्झला शिकागोला देण्यात आले. दोन वर्षांनी तो परत आला. २८ जानेवारी १९३७ रोजी शिकागोविरुद्धच्याच सामन्यात त्याचा पाय अनेक ठिकाणी मोडला आणि ८ मार्च रोजी रुग्णालयातच त्याचा मृत्यू झाला. त्याची शवपेटी फोरमच्या मध्यभागी ठेवण्यात आली. हजारोंच्या उपस्थितीत तेथेच अंत्यविधीची प्रार्थना झाली. त्याचा ७ हा क्रमांक त्यानंतर कोणालाही देण्यात आला नाही.

महामंदीच्या काळात दोन संघ पोसणे शहराला जड जाऊ लागले. १९३५ साली कॅनेडियन्स संघ फोरमच्या मालक कंपनीने विकत घेतला आणि १९३८ साली मरून्सचा कारभार थांबला. कॅनेडियन्सची स्थितीही चांगली नव्हती. १९३९–४० च्या हंगामात ४८ पैकी अवघे १० सामने जिंकता आले. प्रशिक्षकपदी नेमलेला बेब सीबर्ट हंगामापूर्वीच ह्युरॉन सरोवरात बुडून मरण पावला होता. पुढे टॉमी गॉर्मन हे व्यवस्थापक व डिक अर्विन हे प्रशिक्षक आले आणि संघ सावरू लागला.

मॉरिस रिशार

१९४२ साली संघात आलेला मॉरिस रिशार हा माँत्रियालचाच. त्याचे वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते व मॉरिसनेही यंत्र कारागीर म्हणून काम केले होते. आरंभी वारंवार हाडे मोडल्यामुळे हा खेळाडू टिकणार नाही, असेच अनेकांना वाटत होते. टो ब्लेक व एल्मर लाक यांच्या जोडीने त्याची 'पंच लाइन' ही आघाडीची फळी जमली आणि १९४३–४४ च्या हंगामात संघाने पन्नासपैकी केवळ पाच सामने गमावले. २३ मार्च १९४४ रोजी टोरँटोविरुद्धचा सामना संघाने ५–१ असा जिंकला. पाचही गोल रिशारचे होते. सामन्याअखेरीस तीन उत्कृष्ट खेळाडूंची नावे जाहीर करण्याचा प्रघात असतो, त्या दिवशी तिन्ही जागी त्याचेच नाव पुकारण्यात आले. १९४४–४५ साली त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले. एका हंगामात ५० गोल करणारा तो पहिला खेळाडू होय. १९६० साली निवृत्त होताना त्याच्या नावावर ५४४ गोल होते.

आकड्यांपलीकडे रिशारचे स्थान काय होते, हे कळण्यासाठी त्या काळचे क्वेबेक पाहावे लागते. प्रांतात बहुसंख्य असूनही फ्रेंच भाषकांना कारखान्यांत व कचेऱ्यांत इंग्रजी भाषक साहेबांच्या हाताखाली, कमी पगारावर काम करावे लागे. रिशार स्वतः राजकारणापासून दूर होता व फारसा बोलतही नसे. परंतु धक्का देणाऱ्याला तो जागीच उत्तर देई, आणि हे पाहणाऱ्या कामगाराला त्यात आपलेच काहीतरी दिसे.

१७ मार्च १९५५

१३ मार्च १९५५ रोजी बोस्टन येथील सामन्यात हॅल लेको या खेळाडूची काठी लागून रिशारच्या डोक्याला जखम झाली. संतापलेल्या रिशारने लेकोवर काठीने प्रहार केले आणि आपल्याला धरून ठेवणारा रेषापंच क्लिफ थॉम्पसन याला ठोसे मारले. पंचावर हात टाकणे हा अक्षम्य अपराध होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. संघटनेचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी १६ मार्च रोजी त्याला उरलेल्या हंगामासाठी आणि संपूर्ण बाद फेरीसाठी निलंबित केले. प्रश्न शिक्षेच्या प्रमाणाचा होता. इंग्रजी वृत्तपत्रांना ती योग्य वाटली. फ्रेंच भाषक चाहत्यांना ती एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या माणसावर उगवलेला सूड वाटली.

दुसऱ्या दिवशी फोरममध्ये डेट्रॉइटविरुद्ध सामना होता. येऊ नका, असे सुचवले जात असतानाही कॅम्पबेल सामन्याला गेले. त्यांच्यावर अंडी व टोमॅटो फेकण्यात आले, एकाने त्यांच्या अंगावर धाव घेतली आणि थोड्याच वेळात प्रेक्षागारात अश्रुधुराची नळकांडी फुटली. डेट्रॉइट ४–१ ने आघाडीवर असताना सामना थांबवून त्यांना विजयी घोषित करण्यात आले. हजारो प्रेक्षक बाहेर पडले, रस्त्यावर जमलेल्या निदर्शकांत मिसळले आणि सेंट कॅथरीन रस्त्यावर पहाटेपर्यंत काचा फुटत राहिल्या, दुकाने लुटली गेली. नुकसानीचा अंदाज सुमारे एक लाख डॉलरचा होता. १८ मार्च रोजी रिशारने स्वतः नभोवाणीवरून, फ्रेंच व इंग्रजी दोन्ही भाषांत, शांततेचे आवाहन केले. शिक्षा आपण स्वीकारतो व पुढच्या वर्षी परत येऊन चषक जिंकू, असे त्याने सांगितले. त्यानंतर शहर शांत झाले.

या दंगलीला क्वेबेकमधील १९६० नंतरच्या 'शांत क्रांती'ची नांदी मानण्याची प्रथा आहे. एका रात्रीच्या उद्रेकातून एवढे मोठे परिवर्तन निघाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र समाजात साचलेली नाराजी त्या रात्री उघड्यावर आली, एवढे निश्चित. हंगामाच्या शेवटी एक कटू गोष्ट घडली. गुणतक्त्यात अग्रस्थानी असलेल्या रिशारला त्याचाच सहकारी बर्नी जेफ्रियाँ याने एका गुणाने मागे टाकले. आपल्याच संघासाठी गोल केल्याबद्दल फोरमच्या प्रेक्षकांनी जेफ्रियाँची हुर्यो उडवली. गुणतक्त्यातील पहिल्या क्रमांकाचा करंडक रिशारला कारकिर्दीत कधीच मिळाला नाही.

सलग पाच चषक

रिशारने शब्द पाळला. टो ब्लेक प्रशिक्षक झाला आणि १९५६ ते १९६० या काळात संघाने सलग पाच वेळा चषक जिंकला. हा विक्रम आजही अबाधित आहे. या यशाचा पाया १९४६ साली महाव्यवस्थापक झालेल्या फ्रँक सेल्क यांनी घातला होता. देशभरातील कनिष्ठ संघांचे जाळे विणून त्यांतून खेळाडू घडवण्याची पद्धत त्यांनी रुजवली. ज्याँ बेलिव्हो या खेळाडूसाठी तर याहून पुढे जावे लागले. बेलिव्हो क्वेबेक शहरात नावापुरत्या हौशी असलेल्या लीगमध्ये सुखाने खेळत होता व माँत्रियालला येण्यास राजी नव्हता. तेव्हा कॅनेडियन्सच्या मालकांनी ती संपूर्ण लीगच विकत घेऊन व्यावसायिक केली, जेणेकरून तिच्यातील खेळाडूंवर त्यांचा हक्क लागू झाला. १९५३ साली बेलिव्होने करारावर सही केली. पुढे दहा हंगाम तो संघाचा कर्णधार होता. उंचापुरा, सौम्य, दोन्ही भाषांत तितक्याच आदबीने बोलणारा हा खेळाडू विरोधकांनाही प्रिय होता.

या संघाने खेळाचे नियमसुद्धा बदलायला लावले. शिक्षा झालेल्या खेळाडूला तेव्हा पूर्ण दोन मिनिटे बाहेर बसावे लागे, मग त्या अवधीत कितीही गोल होवोत. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी बोस्टनविरुद्ध बेलिव्होने अशाच स्थितीत ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढील हंगामापासून एक गोल होताच शिक्षा संपावी, असा नियम करण्यात आला, तो आजही लागू आहे.

दुसरा बदल गोलरक्षकाच्या चेहऱ्याशी निगडित आहे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यू यॉर्क येथे अँडी बाथगेटचा फटका लागून जाक प्लान्तचे नाक फाटले. सराव करताना वापरत असलेला मुखवटा घालू दिल्यासच परत खेळेन, असे त्याने बजावले. मुखवट्याने नजर अडते व तो घालणारा भित्रा दिसतो, असे मानणाऱ्या ब्लेकपुढे पर्याय नव्हता, कारण राखीव गोलरक्षक सोबत नेण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. संघ जिंकत राहिला आणि मुखवटाही टिकला. आज मुखवट्याशिवाय गोलरक्षकाची कल्पनाही करवत नाही.

याच संघातील डग हार्वी हा त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ बचावपटू समजला जातो. १९५७ साली खेळाडूंची संघटना उभारण्याच्या प्रयत्नात तो पुढे होता. मालकांनी तो प्रयत्न हाणून पाडला. १९६१ साली हार्वीला न्यू यॉर्कला पाठवण्यात आले, त्यामागे हेच कारण असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

सॅम पोलॉक यांचा काळ

१९६४ ते १९७८ या काळात महाव्यवस्थापक असलेल्या सॅम पोलॉक यांच्या कारकिर्दीत संघाने नऊ चषक जिंकले. क्वेबेकमधील गुणी खेळाडूंवर पहिला हक्क असल्यामुळेच हा संघ जिंकत आला, असे आजही सांगितले जाते. अशा सवलतीचा नियम काही वर्षे होता, हे खरे. पण तिचा ठळक लाभ १९६९ साली रेजाँ उल व मार्क तार्दिफ या दोघांची निवड करतानाच झाला. त्याआधीचे वैभव सेल्क यांच्या जाळ्याचे होते आणि नंतरचे पोलॉक यांच्या सौदेबाजीचे.

या सौदेबाजीचा नमुना म्हणून १९७१ ची गोष्ट नेहमी सांगतात. क्वेबेकमधील गी लाफ्लर हा असामान्य खेळाडू त्या वर्षी निवडीसाठी उपलब्ध होणार होता व निवडीचा पहिला मान तळाच्या संघाला मिळे. पोलॉक यांनी वर्षभर आधीच कॅलिफोर्नियाच्या कमकुवत संघाकडून तो हक्क मिळवून ठेवला. पुढे लॉस एंजेलिसचा संघ कॅलिफोर्नियापेक्षाही खाली घसरू लागला, तेव्हा पोलॉक यांनी राल्फ बॅकस्ट्रॉम हा अनुभवी खेळाडू लॉस एंजेलिसला देऊन टाकला. कॅलिफोर्निया तळाला राहिले आणि लाफ्लर माँत्रियालला आला. १९७४–७५ पासून सलग सहा हंगाम त्याने पन्नास किंवा अधिक गोल केले.

१९७१ च्या चषकाचा मानकरी मात्र केन ड्रायडन होता. मॅकगिल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या या गोलरक्षकाने नियमित हंगामातील जेमतेम सहा सामने खेळून बाद फेरीत बलाढ्य बोस्टनला रोखले. १९७३–७४ चा हंगाम त्याने मानधनाच्या वादातून सोडून दिला व टोरँटोत वकिलीची उमेदवारी केली. पुढे तो लेखक, खासदार व केंद्रीय मंत्री झाला. त्याचा १९८३ सालचा 'द गेम' हा ग्रंथ खेळावरील उत्तम ग्रंथांत गणला जातो.

स्कॉटी बोमन यांच्या प्रशिक्षणाखाली १९७६ ते १९७९ असे सलग चार चषक आले. १९७६ साली दांडगाईसाठी कुप्रसिद्ध असलेल्या फिलाडेल्फियाला अंतिम मालिकेत ४–० असे हरवले, तेव्हा कौशल्याचा विजय झाला अशीच सार्वत्रिक भावना होती. १९७६–७७ च्या हंगामात ८० सामन्यांपैकी ६० विजय, १२ बरोबरी व केवळ ८ पराभव अशी कामगिरी झाली. घरच्या बर्फावर तर वर्षभरात एकच पराभव झाला. ३१ डिसेंबर १९७५ रोजी मॉस्कोच्या सोव्हिएत सैन्यदलाच्या संघाविरुद्ध फोरममध्ये झालेला ३–३ बरोबरीचा सामना अनेकांच्या मते या खेळातील सर्वांत सुंदर सामन्यांपैकी एक होय. कॅनेडियन्सने ३८ फटके मारले, पाहुण्यांनी १३. व्लादिस्लाव त्रेत्याक या गोलरक्षकाने बरोबरी राखली.

शेजारचा वैरी व शेवटचे दोन चषक

१९७९ साली क्वेबेक शहराचा नॉर्डिक्स संघ एन.एच.एल.मध्ये दाखल झाला. आता फ्रेंच भाषकांचा एकमेव संघ हा मान उरला नाही. एका संघामागे मोल्सन व दुसऱ्यामागे कार्लिंग ओकीफ अशा दोन मद्यनिर्मिती कंपन्या होत्या. कुटुंबाकुटुंबांत फूट पडली. २० एप्रिल १९८४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, दोन्ही संघांत झालेल्या मारामाऱ्या आजही त्याच नावाने ओळखल्या जातात.

१९८६ साली वीस वर्षांचा गोलरक्षक पात्रिक रुआ याच्या बळावर संघाने कॅलगरीला हरवून चषक जिंकला. १९९३ साली त्याच्याच भरवशावर संघाने बाद फेरीतील सलग दहा सामने जादा वेळेत जिंकले आणि अंतिम मालिकेत वेन ग्रेट्झकीच्या लॉस एंजेलिसला नमवले. त्या मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात हार समोर दिसत असताना प्रशिक्षक जाक देमेर यांनी मार्टी मॅकसॉर्लीच्या काठीचा बाक मोजण्याची मागणी केली. काठी नियमबाह्य निघाली, त्याला शिक्षा झाली, बरोबरीचा गोल झाला आणि जादा वेळेत सामनाही जिंकला. तिन्ही गोल एरिक देजार्दँ या बचावपटूचे होते. आपल्याला लिहिता-वाचता येत नव्हते, हे देमेर यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रातून जाहीर केले, तेव्हा अनेकांना आश्चर्याचा धक्का बसला.

रुआचा शेवट मात्र वाईट झाला. २ डिसेंबर १९९५ रोजी डेट्रॉइटविरुद्ध ११–१ असा दारुण पराभव झाला. नऊ गोल होईपर्यंत प्रशिक्षकांनी त्याला बाहेर काढले नाही. बाहेर येताच त्याने अध्यक्ष रोनाल्ड कोरे यांच्यापाशी जाऊन हा आपला येथील अखेरचा सामना असल्याचे सांगितले. चारच दिवसांत त्याला कोलोराडोला देण्यात आले. हा कोलोराडोचा संघ म्हणजे नुकतेच स्थलांतरित झालेले नॉर्डिक्सच होते, आणि त्याच हंगामात रुआला घेऊन त्यांनी चषक जिंकला.

फोरमचा निरोप

११ मार्च १९९६ रोजी फोरममध्ये शेवटचा सामना झाला. सामन्यानंतर जुने कर्णधार एकेक करून बर्फावर आले. रिशारचे नाव पुकारताच सुरू झालेला टाळ्यांचा गजर कित्येक मिनिटे थांबेना आणि तो स्वतः डोळे पुसत राहिला. त्यानंतर एका मशालीचे हस्तांतर करण्यात आले. 'इन फ्लँडर्स फील्ड्स' या कवितेतील मशालीसंबंधीच्या ओळी संघाच्या पोशाखगृहाच्या भिंतीवर लिहिलेल्या आहेत, त्यांचा हा संदर्भ होता. त्याच आठवड्यात संघ नव्या मोल्सन सेंटरमध्ये गेला. २००२ पासून त्याचे नाव बेल सेंटर असे असून तेथे सुमारे एकवीस हजार प्रेक्षक बसतात.

२७ मे २००० रोजी रिशारचे निधन झाले. त्याच्या अंत्यदर्शनासाठी क्रीडागृहात लाखाहून अधिक लोक आले व नोत्र-दाम बॅसिलिकात शासकीय इतमामात अंत्यविधी झाला. क्वेबेकमध्ये हा मान तोवर कोणाही खेळाडूस मिळालेला नव्हता.

भाषेचा प्रश्न

१९७१ साली चषक जिंकून देणारे प्रशिक्षक अल मॅकनील यांना फ्रेंच येत नव्हते. हेन्री रिशार या ज्येष्ठ खेळाडूने त्यांना जाहीरपणे अकार्यक्षम म्हटले व विजेतेपदानंतरही त्यांना पदावरून जावे लागले. हेन्री हा मॉरिसचा धाकटा भाऊ असून खेळाडू म्हणून अकरा चषक मिळवण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच न जाणणाऱ्या रँडी कनीवर्थ यांना हंगामी प्रशिक्षक नेमले, तेव्हा क्रीडागृहाबाहेर निदर्शने झाली व व्यवस्थापनास खुलासा करावा लागला. प्रशिक्षकाने पत्रकारांशी फ्रेंचमध्ये बोलावे, ही अपेक्षा आता जवळजवळ अलिखित नियमच झाली आहे.

खेळाडूंच्या बाबतीत चित्र उलटे आहे. जगभरातून निवड होऊ लागल्यापासून संघातील क्वेबेकच्या खेळाडूंची संख्या घटत गेली. मे २०२१ मध्ये एका सामन्यात क्वेबेकचा एकही खेळाडू उतरला नाही. संघाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. प्रशिक्षक व पत्रकार परिषद फ्रेंच, पण खेळाडू फिनलंड, स्लोव्हाकिया, अमेरिका अशा ठिकठिकाणचे, अशी ही स्थिती आहे. चाहत्यांना यातील विसंगती दिसत नाही असे नाही, परंतु हरणारा फ्रेंच संघ की जिंकणारा परका संघ, या प्रश्नाला ते मोकळेपणाने उत्तर देत नाहीत.

अलीकडचा काळ

१९९३ नंतरची बहुतेक वर्षे निराशेची आहेत. १९९९ ते २००१ अशी सलग तीन वर्षे संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. २००१ साली मोल्सन कंपनीने बहुसंख्य हिस्सा जॉर्ज जिलेट या अमेरिकी उद्योजकास विकला. २००९ साली, संघाच्या शताब्दी वर्षात, मोल्सन कुटुंबाने तो परत घेतला. या उतरत्या काळातही कर्करोगावर उपचार घेतलेला फिनलंडचा कर्णधार साकू कोइवू एप्रिल २००२ मध्ये बर्फावर परतला तो प्रसंग, आणि गोलरक्षक कॅरी प्राइसने २०१५ साली एकाच वर्षी मिळवलेले हार्ट व वेझिना करंडक, हे चाहत्यांच्या स्मरणात आहेत.

२०२१ साली कोणाच्या ध्यानीमनी नसताना संघ अंतिम मालिकेत पोहोचला. टोरँटोविरुद्ध १–३ अशा पिछाडीवरून मालिका जिंकली, विनिपेगला ४–० ने हरवले आणि क्वेबेकचा राष्ट्रीय सण असलेल्या २४ जून रोजी व्हेगासवर मात केली. कोरोना निर्बंधांमुळे बेल सेंटरमध्ये केवळ ३,५०० प्रेक्षकांना प्रवेश होता, बाकीचे शहर रस्त्यावर उभे राहून सामना पाहत होते. टॅम्पा बे संघाने अंतिम मालिका ४–१ अशी जिंकली. पुढच्याच हंगामात कॅनेडियन्स संपूर्ण लीगच्या तळाला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वेबेकचेच मार्टिन सँ-लुई हे प्रशिक्षक झाले आणि त्याच वर्षी माँत्रियालमध्येच झालेल्या निवडीत स्लोव्हाकियाच्या युराय स्लाफकोव्स्कीला पहिल्या क्रमांकाने घेण्यात आले. सप्टेंबर २०२२ पासून निक सुझुकी कर्णधार आहे. २०२५ साली हा तरुण संघ पुन्हा बाद फेरीत आला व पहिल्याच टप्प्यात वॉशिंग्टनकडून पराभूत झाला.

संघाने १८ खेळाडूंच्या सन्मानार्थ १५ क्रमांक कायमचे बाजूला ठेवले आहेत. त्यांतील ५, १२ व १६ या क्रमांकांवर दोघादोघांचा मान आहे. ९ क्रमांकाचा लाल सदरा रॉक कॅरिए यांच्या 'द हॉकी स्वेटर' या कथेतून कॅनडाच्या बालवाचकांपर्यंत पोहोचला. कथेतील गावात सारी मुले रिशारचा सदरा घालतात आणि एका मुलाच्या वाट्याला टपालाने चुकून टोरँटोचा निळा सदरा येतो. या कथेतील काही वाक्ये २००२ पासून काही वर्षे कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर छापली जात होती.